रेणुवस्तुमान दिलेले आहे

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक ठरलेलं गणित असतं. एका सेंद्रिय संयुगात कार्बन ४०.० टक्के, हायड्रोजन ६.७ टक्के आणि ऑक्सिजन ५३.३ टक्के आहे. रेणुवस्तुमान ६० दिलेले आहे. तर रेणुसूत्र काढा. तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हे गणित वीसेक वर्षं शिकवते आहे, त्यामुळे झोपेतून उठवलं तरी सोडवून देईन. टक्क्यांना अणुवस्तुमानांनी भागायचं: ४० ला १२ नं, ६.७ ला १ नं, ५३.३ ला १६ नं. उत्तरं येतात ३.३३, ६.७ आणि ३.३३. त्यातल्या सगळ्यात लहान संख्येनं पुन्हा भागायचं. एकास दोन, दोनास एक. म्हणजे सगळ्यात साधं सूत्र सीएचटूओ, त्याचं वस्तुमान ३०. साठ भागिले तीस, दोन. म्हणून रेणुसूत्र सीटू एचफोर ओटू. ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. गणित संपलं, पुढचं घ्या.

काही वर्षांपूर्वी असंच 'पुढचं घ्या' म्हणत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, ऑक्सिजनचं १६ कुठून आलं?"

"आवर्तसारणीतून."

"पण आवर्तसारणीत कुठून आलं?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला येत होतं, निदान तसं वाटत होतं. मी सांगितलं, की पाण्याचं पृथक्करण केलं तर हायड्रोजनच्या आठपट वजनाचा ऑक्सिजन मिळतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंच्या आठपट, एका अणूच्या सोळापट.

"मग पाण्यात हायड्रोजनचे दोनच अणू आहेत, हे कशावरून?"

'कारण ऑक्सिजनचं अणुवस्तुमान १६ आहे' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. दोन सेकंद फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे परीक्षेला नाहीये. बस खाली." वर्ग हसला. ती बसली. त्या वर्षी तिनं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

मला तेव्हा लाज वाटली, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटली ती चिडचिड. लाज नंतर वाटली, जेव्हा उत्तर शोधायला बसले आणि लक्षात आलं, की हाच प्रश्न युरोपातल्या भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांना पन्नासेक वर्षं सुटला नव्हता. ज्या प्रश्नावर एका मुलीला मी खाली बसवलं, त्याच प्रश्नासाठी १८६० साली सव्वाशेहून अधिक शास्त्रज्ञ आगगाड्या पकडून एका गावात जमले होते.

नारळ आणि हळकुंडं

अडचण नीट समजून घ्यायची तर रसायनशास्त्र बाजूला ठेवून पूजेच्या सामानाकडे जाऊ. समजा, दुकानदारानं पूजेच्या एकसारख्या हजारो पिशव्या बांधल्या आहेत. प्रत्येक पिशवीत नारळ आहेत आणि हळकुंडं आहेत. पिशवी उघडायची परवानगी आपल्याला नाही. सगळ्या पिशव्या मिळून नारळांचं एकूण वजन हळकुंडांच्या एकूण वजनाच्या आठपट आहे, एवढंच कळलं आहे. एका नारळाचं वजन एका हळकुंडाच्या किती पट?

पिशवीत एक नारळ आणि एक हळकुंड असेल तर आठपट. एक नारळ आणि दोन हळकुंडं असतील तर सोळापट. दोन नारळ आणि एक हळकुंड असेल तर चौपट. म्हणजे पिशवीतली संख्या माहीत असेल तर वजन काढता येतं आणि वजन माहीत असेल तर संख्या काढता येते. दोन्ही माहीत नसतील तर काहीच काढता येत नाही. तराजू कितीही नाजूक आणा, ही गाठ तराजूनं सुटत नाही.

अणूंची वजनं काढायला निघालेल्या पहिल्या माणसासमोर हीच गाठ होती. जॉन डाल्टन हा इंग्लंडच्या कंबरलंड भागातला, क्वेकर पंथातला, मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून पोट भरणारा शिक्षक. मूलद्रव्यं ठरावीक वजनी प्रमाणातच संयोग पावतात, याचं कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचं ठरावीक वजन असतं, हा त्याचा विचार. १८०३ साली त्यानं अणूंच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढे ठेवला. १८०८ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला.

पिशवीतली संख्या मात्र त्यालाही माहीत नव्हती. मग त्यानं एक नियम धरून चालायचं ठरवलं: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग ठाऊक असेल तर त्यात दोघांचा एकेक अणू आहे असं समजावं. निसर्ग उगाच गुंतागुंत करणार नाही, हा त्यामागचा भरवसा. पाणी त्या काळी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं एकमेव ज्ञात संयुग होतं, म्हणून पाणी झालं एचओ. अमोनिया झाला एनएच. त्या काळच्या मापांत चूक बरीच असल्यामुळे ऑक्सिजनचं वजन डाल्टनला आधी साडेपाच आणि पुढे सात मिळालं. मापं सुधारल्यावर ते आठ झालं. सोळा कधीच झालं नसतं, कारण मूळ गृहीतच एकास एक होतं.

डाल्टनला हसायचं कारण नाही. गाठ सुटत नसेल तर कुठेतरी कात्री लावावी लागते. त्यानं ती लावली आणि तसं स्पष्ट सांगितलंही. गंमत पुढे झाली. वापरून वापरून गृहीत गुळगुळीत झालं, तेव्हा लोक ते गृहीत आहे हेच विसरले.

वायूंचं माप

त्याच सुमाराला पॅरिसमध्ये ल्युसॅक नावाचा तरुण शास्त्रज्ञ वायूंची वजनं सोडून आकारमानं मोजत होता. पूर्ण नाव जोसेफ लुई गे-ल्युसॅक. बलूनमधून सात हजार मीटर उंचीपर्यंत जाऊन तिथली हवा बाटलीत भरून आणणारा हा धाडसी माणूस. १८०५ साली हम्बोल्टबरोबर काम करताना त्याला दिसलं होतं, की पाणी बनताना हायड्रोजनची दोन मापं आणि ऑक्सिजनचं एक माप, अगदी नेमकी, संपतात. १८०८ च्या अखेरीला त्यानं मांडलं, की सगळेच वायू असे साध्या पूर्णांकांत एकत्र येतात. नायट्रोजनचं एक माप आणि हायड्रोजनची तीन मापं घेतली की अमोनियाची दोन मापं तयार होतात. नायट्रोजनचं एक आणि ऑक्सिजनचं एक घेतलं की नायट्रिक ऑक्साइडची दोन.

इथे तिढा सुटायला हवा होता. समान मापात समान कण असतात, असं धरलं की पिशवी न उघडता आतली संख्या कळते! हायड्रोजनची दोन मापं, ऑक्सिजनचं एक, म्हणजे दोनास एक.

डाल्टननं मात्र हे ठामपणे नाकारलं, आणि त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. नायट्रोजनच्या एका मापात समजा शंभर अणू आहेत. ऑक्सिजनच्या एका मापातही शंभर. ते एकेकाशी जुळले तर नायट्रिक ऑक्साइडचे कण शंभरच होणार, म्हणजे एकच माप. प्रत्यक्षात भरतात दोन. मग प्रत्येक कणात नायट्रोजनचा अर्धा अणू आला असं म्हणायचं? अणू तर फुटत नाही, आणि फुटत असेल तर तो अणू कसला? डाल्टननं निष्कर्ष काढला, की ल्युसॅकची मापंच ढोबळ असणार.

तूरिन शहरातल्या एका वकिलानं या कोड्याला सरळ उत्तर दिलं. अमेदेओ ॲव्होगाड्रो १७७६ साली जन्मला. घराणं सरदारी आणि पिढीजात कायद्याचं. विशीत त्यानं धर्मशास्त्रीय कायद्याची डॉक्टरेट घेतली, काही वर्षं वकिली केली आणि मग भौतिकशास्त्राकडे वळून व्हेर्चेली गावात शिकवू लागला. १८११ साली एका फ्रेंच नियतकालिकात त्याचा निबंध आला. मूलद्रव्यांच्या कणांची सापेक्ष वस्तुमानं आणि ते कण संयुगांत कोणत्या प्रमाणात शिरतात ते ठरवण्याची रीत, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. अकरावीच्या धड्याचंच नाव म्हणायला हरकत नाही.

त्याचं म्हणणं असं: समान तापमान आणि दाबाला सगळ्या वायूंच्या समान आकारमानात कणांची संख्या समान असते. पण हे कण म्हणजे सुटे अणू असतीलच असं नाही. नायट्रोजनचा मोकळा कण हा दोन भागांचा जोडकण आहे, ऑक्सिजनचाही. संयोग होताना जोड्या सुटतात. मग शंभर आणि शंभर जोडकणांपासून दोनशे कण होतात, कुणालाही अणू फोडावा लागत नाही, आणि दोन मापं भरतात. आपण ज्याला आज अणू आणि रेणू म्हणतो, तो फरक हाच. त्याच निबंधात त्यानं दोन वायूंच्या घनतांचा भागाकार करून ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या सुमारे पंधरापट जड असल्याचं काढलं. घनतेची मापं आणखी काटेकोर असती तर सोळा आलं असतं.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर १८११ साली छापून तयार होतं.

उत्तर कुणी ऐकलं नाही, त्याची कारणं

ॲव्होगाड्रोची गोष्ट सांगताना आपण एक सोपी कथा सांगतो: एक एकांडा प्रतिभावंत, आणि त्याला न ओळखणारं जग. वाचत गेले तसं ते पुरतं खरं वाटेनासं झालं. लोकांकडे नाकारायची कारणं होती, आणि त्यांतली काही चांगली होती.

पहिलं कारण बर्झेलियस. स्टॉकहोमच्या या शास्त्रज्ञाचा दरारा सगळ्या युरोपात होता. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा त्यानंच दिल्या. त्याच्या मते अणू एकमेकांना धरून ठेवतात ते विजेच्या बळावर, धन आणि ऋण यांच्या ओढीनं. मग ऑक्सिजनचा अणू दुसऱ्या ऑक्सिजनच्याच अणूला का धरेल? दोघेही ऋण, एकमेकांना ढकलणार. जोडकणाची कल्पनाच त्याच्या चौकटीत बसत नव्हती. आणि ही शंका वावगी नव्हती. सारखे अणू एकमेकांना का धरतात, याचं समाधानकारक उत्तर विसाव्या शतकात मिळालं.

दुसरं कारण वाफेचं. १८२६ साली दुमा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं घन आणि द्रव पदार्थांच्या वाफेची घनता मोजायची चांगली पद्धत काढली. ॲव्होगाड्रोचं म्हणणं तपासायला हे साधन नामी होतं. तपासलं तर उत्तरं विचित्र आली. पाऱ्याचा अणू अपेक्षेच्या निम्मा भरला, फॉस्फरसचा दुप्पट, गंधकाचा तिप्पट. आज आपल्याला माहीत आहे, की पाऱ्याच्या वाफेत सुटे अणू असतात, फॉस्फरसच्या रेणूत चार, आणि दुमानं मोजलेल्या तापमानाला गंधकाच्या रेणूत साधारण सहा. सगळ्या मूलद्रव्यांचे रेणू दोन-दोन अणूंचेच असले पाहिजेत, असं ॲव्होगाड्रोच्या नियमात कुठेच नाही. पण तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की नियम लावला की आकडे बिघडतात. दुमा इतका वैतागला, की आपल्या हातात असतं तर विज्ञानातून 'अणू' हा शब्दच खोडून टाकला असता, अशा अर्थाचं तो १८३६ साली व्याख्यानात बोलून गेला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कुणाचं काही अडत नव्हतं. हायड्रोजनच्या एका भागाशी ऑक्सिजनचे आठ भाग जुळतात, एवढं कळलं की कारखान्यात किती माल टाकायचा ते ठरतं. या आकड्यांना तुल्यभार म्हणत. साबण बनवणाऱ्याला पाणी एचओ असो की एचटूओ, साबण तसाच होणार. अनेकांनी अणूंचा नादच सोडून दिला आणि तुल्यभारांवर संसार चालवला.

ॲव्होगाड्रो तूरिनमध्ये प्राध्यापक झाला, १८२१ च्या राजकीय उठावानंतर त्याचं अध्यासन गेलं, दहाबारा वर्षांनी परत मिळालं. तो शिकवत राहिला, लिहीत राहिला. १८५६ साली वारला, तेव्हा बहुतेक रसायनशास्त्रज्ञांच्या पुस्तकांत पाणी एचओच होतं.

एकोणीस सूत्रांचं व्हिनेगर

अडायला लागलं ते सेंद्रिय रसायनशास्त्रात. १८३१ साली गीसेनच्या लीबिगनं पाच फुग्यांचं एक छोटं काचेचं उपकरण तयार केलं. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवून जाळायचा. निघालेले वायू आधी कॅल्शियम क्लोराइडमधून न्यायचे, ते पाणी शोषून घेतं. मग पाच फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणातून न्यायचे, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. दोन्हींची आधीची आणि नंतरची वजनं घेतली की पदार्थातला कार्बन आणि हायड्रोजन कळला. उरलेला ऑक्सिजन. पूर्वी कसबी माणसाला जे काम फार वेळ खाई, ते आता विद्यार्थी झपाझप करू लागले. माझ्या फळ्यावरचे ४०.०, ६.७ आणि ५३.३ हे आकडे असेच मिळतात.

टक्केवारीचा पूर आला आणि तीच जुनी गाठ मोठी होऊन समोर आली. टक्केवारी फक्त प्रमाण सांगते. व्हिनेगरमधलं आम्ल, दुधातलं लॅक्टिक आम्ल आणि द्राक्षातली साखर यांची टक्केवारी दशांशापर्यंत तीच आहे. तिन्हींचं साधं सूत्र सीएचटूओ. मग आंबट आणि गोड यांत फरक कशाचा? त्यातून कुणी कार्बन ६ धरायचा, कुणी १२. कुणी ऑक्सिजन ८, कुणी १६. सहा आणि आठ धरून माझं गणित केलं तर एकास एकास एक येतं आणि त्याच ॲसेटिक आम्लाचं सूत्र होतं सीफोर एचफोर ओफोर. दोघेही आपापल्या जागी बरोबर! एकाचा शोधनिबंध दुसऱ्यानं वाचायचा तर आधी लेखक कोणत्या पंथाचा ते शोधायचं. १८६१ साली केकुलेनं आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लाची त्या काळी प्रचारात असलेली सूत्रं एकाखाली एक छापली. ती एकोणीस भरली.

नुसत्या बेरीज-वजाबाकीनं माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं एक उदाहरण आपल्याकडच्या हिवतापाशी जोडलेलं आहे. साहेबाच्या वसाहतींना क्विनीन हवं होतं आणि ते सिंकोना झाडाच्या सालीतूनच मिळे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं हिशेब मांडला, की डांबरापासून मिळणाऱ्या एका पदार्थाच्या दुपटीत ऑक्सिजन मिळवला आणि पाणी वजा केलं तर बरोबर क्विनीनचं सूत्र येतं. हिशेब जमला, क्विनीन आलं नाही. तांबूस चिखल आला. त्याच नादात पुढचा प्रयोग करताना जांभळा रंग हाती लागला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. हे नशीब झालं. सूत्र म्हणजे पिशवीतल्या वस्तूंची यादी. वस्तू आत कशा रचल्या आहेत ते यादी सांगत नाही. आणि इथे तर यादीबद्दलच एकमत नव्हतं.

कार्ल्सरूह, सप्टेंबर १८६०

केकुले, वुर्त्झ आणि वेल्ट्सिन या तिघांनी मिळून जर्मनीतल्या कार्ल्सरूहला परिषद बोलावली. ३ ते ५ सप्टेंबर १८६०. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. विषय साधेच: अणू म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, सूत्रं कशी लिहायची. बुन्सेन आला होता, दुमा आला होता, हायडलबर्गला शिकायला आलेला २६ वर्षांचा मेंडेलीव्ह आला होता, त्याचा मित्र बोरोदिन आला होता, ज्याला जग आज संगीतकार म्हणून जास्त ओळखतं.

आणि जेनोआहून आला होता स्तानिस्लाओ कानिझ्झारो. जन्म पालेर्मोचा, १८२६ चा. १८४८ च्या सिसिलीच्या बंडात तो तोफखान्याचा अधिकारी होता. बंड मोडल्यावर देहान्ताच्या शिक्षेतून निसटून तो फ्रान्सला पळाला, पॅरिसच्या प्रयोगशाळेत राबला, मग उत्तर इटलीत परतून शिकवू लागला. १८५८ साली त्यानं एक छोटा निबंध छापला होता. नवा शोध असा त्यात काहीच नव्हता. आपण जेनोआच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसं शिकवतो, त्या अभ्यासक्रमाची ती रूपरेषा होती.

तो ज्या रीतीनं शिकवत होता ती मी आता वर्गात शिकवते, म्हणून सविस्तर सांगते. ॲव्होगाड्रोचा नियम खरा माना. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून त्याचं वस्तुमान २ धरा. कोणत्याही वायूची किंवा वाफेची घनता हायड्रोजनच्या किती पट आहे ते मोजा आणि त्याला दोननं गुणा. झालं रेणुवस्तुमान. इथे सूत्र माहीत असण्याची गरज नाही, अणुवस्तुमानाचीही नाही. आता कार्बनची जमतील तितकी संयुगं घ्या आणि प्रत्येकाच्या एका रेणूत कार्बन किती वजनाचा आहे ते टक्केवारीवरून काढा. कार्बन मोनॉक्साइड, रेणुवस्तुमान २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, कार्बन १२. दलदलीतला वायू मिथेन १६, कार्बन १२. एथिलीन २८, कार्बन २४. दारूतलं अल्कोहोल ४६, कार्बन २४. ईथर ७४, कार्बन ४८. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. बाराहून कमी कधीच नाही, बाराच्या पटीबाहेर कधीच नाही. मग कार्बनचा अणू १२ चा. ऑक्सिजनचं तसंच करा: पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, डायऑक्साइडमध्ये ३२. आला १६.

पूजेच्या सामानाच्या भाषेत, त्यानं एकच प्रकारची पिशवी घेऊन डोकं धरून बसणं सोडलं. नाना प्रकारच्या पिशव्या एकेक करून तोलल्या आणि नारळांचं वजन कोणत्या टप्प्यानं वाढतं ते पाहिलं. टप्पा म्हणजेच एक नारळ.

पारा, गंधक यांचाही निकाल याच रीतीनं लागतो. प्रत्येक मूलद्रव्याचा रेणू दोन अणूंचा असतो असं आधीच धरायचं कारण उरत नाही. आकडे सांगतील तितके अणू. आणि नवसागरासारख्या काही पदार्थांची वाफ अपेक्षेहून हलकी भरते, कारण तापल्यावर त्याचे रेणू तुटून दोन वायू होतात, हेही त्या सुमारास ध्यानात येऊ लागलं होतं.

परिषदेच्या शेवटच्या दिवशी दुमा अध्यक्षस्थानी होता. सेंद्रिय आणि असेंद्रिय ही दोन वेगळी शास्त्रं असल्यासारखं तो बोलला. कानिझ्झारोनं उठून त्याचा प्रतिवाद केला, रसायनशास्त्र एकच आहे आणि अणूंची वजनं सगळीकडे तीच हवीत. बराच वेळ बोलला. तरी परिषद कोणत्याही ठाम निर्णयाशिवायच संपली. विज्ञानातले प्रश्न हात वर करून सुटत नाहीत, याची जाणीव बहुतेकांना होती. लोक सामान बांधू लागले, तेव्हा पावीयाच्या पावेसी नावाच्या प्राध्यापकानं कानिझ्झारोच्या त्या जुन्या निबंधाच्या प्रती वाटल्या.

लोथार मायर या तरुण जर्मन शास्त्रज्ञानं ती प्रत खिशात घातली, परतीच्या वाटेवर वाचली आणि घरी जाऊन पुन्हा वाचली. डोळ्यांवरचं झापड गळून पडलं आणि शंकांच्या जागी शांत खात्री आली, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं. १८६४ साली त्याचं पुस्तक आलं. मेंडेलीव्हनं परिषद संपताच तिचा वृत्तान्त पत्रानं आपल्या गुरूंना रशियात कळवला. १८६९ साली त्यानं मूलद्रव्यं अणुभारांच्या क्रमानं मांडली. कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८ धरून ती मांडणी झालीच नसती. भिंतीवरच्या ज्या तक्त्याकडे बोट दाखवून मी त्या मुलीला गप्प केलं, तो तक्ताच तिच्या प्रश्नाच्या उत्तरातून जन्मला आहे.

मोजणी

सूत्रांचा प्रश्न मिटला, तरी एका पिशवीचं खरं वजन किती, म्हणजे मूठभर पदार्थात रेणू किती, ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. १८६५ साली ऑस्ट्रियाच्या लोश्मिटनं हवेतल्या रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज बांधला. वस्तुमानाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून 'मोल' हे एकक रूढ केलं विल्हेल्म ओस्टवाल्डनं, आणि गंमत म्हणजे तेव्हा त्याचा अणूंवर विश्वासच नव्हता. मराठीत मोल म्हणजे किंमत. वर्गात दरवर्षी कुणीतरी हा विनोद करतंच, पण हा मोल आला आहे रेणूच्या जर्मन नावातून. शेवटी १९०८ च्या सुमारास पॅरिसच्या झाँ पेरँनं पाण्यात तरंगणारे राळेचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली थरांथरांत मोजून ती संख्या काढली, आणि तिला ॲव्होगाड्रोचं नाव दिलं. वेगवेगळ्या वाटांनी तीच संख्या येते आहे हे पाहून ओस्टवाल्डही वळला.

२० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितका एक मोल असे. आता संख्याच कायमची ठरवून टाकली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. त्यासाठी सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचे शुद्ध सिलिकॉनचे चकचकीत गोळे घडवून त्यांतले अणू हिशेबानं मोजले गेले. एकेकाळी जे अणू आहेत की नाहीत यावर भांडण होतं, त्यांच्या संख्येवर आज माप बेतलेलं आहे.

कोणी दिलं?

कानिझ्झारोच्या निबंधातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. तो अभ्यासक्रमाची सुरुवात इतिहासानं करतो. ल्युसॅक काय म्हणाला, ॲव्होगाड्रो आणि आंपेअर काय म्हणाले, बर्झेलियस कुठे अडला, दुमा का कंटाळला, हे तो विद्यार्थ्यांना आधी सांगतो आणि मग आकड्यांकडे वळतो. पन्नास वर्षांची गाठ प्रयोगशाळेतल्या नव्या शोधानं सुटली नाही. ती एका मास्तरला वर्गात नीट समजावून सांगायची होती, म्हणून सुटली. माझ्याकडे तीच संधी चालत आली होती आणि मी तिला खाली बसवलं.

आता मी या धड्याला दोन तास जास्त देते. फळ्यावर 'रेणुवस्तुमान ६० दिलेले आहे' असं लिहिते आणि विचारते, कोणी दिलं? मुलं आधी हसतात, मग एकमेकांकडे बघतात. मग नारळ आणि हळकुंडं येतात, वायूंची मापं येतात, बारा-चोवीस-अठ्ठेचाळीस येतं. व्हिनेगरची वाफ उकळबिंदूच्या जवळ मोजली तर घनता जास्त भरते, कारण रेणू दोन-दोन बिलगून असतात. चांगली तापवली तर हायड्रोजनच्या तीसपट, म्हणजे साठ. हेही सांगते, कारण मोजणाऱ्याला कुठे ठेच लागते ते कळलं पाहिजे. त्या दोन तासांपायी सरावाची चार गणितं मागे पडतात आणि एप्रिलपर्यंत ती मागेच राहतात. ती मुलगी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. भेटली तर उत्तर तयार आहे. मला यायला थोडा उशीर झाला, एवढंच.